दारातून न निघणारं टेबल

आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या मास्तरांनी स्वतःच्या दुकानाच्या दाराचं माप तेवढं घेतलं नाही, असं सगळा रस्ता हसून सांगायचा. कारण दुकानातलं कटिंगचं टेबल साडेसात फूट लांब, चार फूट रुंद, वर एकच अखंड फळी. आणि दार जेमतेम अडीच फुटांचं. मग टेबल आत गेलं कसं? गेलंच नव्हतं. सुतारानं ते आतच बांधलं होतं. तो तेव्हाच म्हणाला होता, "मास्तर, हे पुन्हा बाहेर निघायचं नाही हं." मास्तरांनी दातांतली टाचणी काढली आणि म्हणाले, "त्याला कुठं फिरायला जायचंय?"

या टेबलाच्या खिडकीकडच्या कोपऱ्याशी, एका स्टुलावर, ती सव्वीस वर्षं बसली. तिचं काम काजं करणं. बटण ज्या चिरेतून आरपार जातं, तिच्या कडेनं दोऱ्याची घट्ट, एकसारखी वीण घालायची. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय एवढं? करायला बसलं की कळतं. मशीनवरची काजं चार धुण्यांत दात विचकतात. तिची काजं शर्टाचा जीव गेला तरी जिवंत. एका गिऱ्हाइकानं तर विरलेला शर्ट परत आणून विचारलं होतं, "एवढी काजं काढून नव्या शर्टाला बसवता येतील का हो?"

ती डावरी. शाळेत बाईंनी पट्ट्या मारून मारून पेन उजव्या हातात आणलं, पण सुई काही कुणाला तिच्या डाव्या हातातून काढता आली नाही. कात्री मात्र उजव्यातच. दुकानातल्या झाडून सगळ्या कात्र्या उजव्या हाताच्या, डाव्यात धरल्या की कापड कापत नाहीत, चावतात. म्हणून तिनं उजव्या हाताला जुलमाचा रामराम शिकवला होता. मास्तर तिला 'डावरे' म्हणूनच हाक मारायचे, आणि बाकीचे डावरीताई. तिचं खरं नाव बहुधा फक्त तिच्या शाळेच्या दाखल्यालाच आठवत असेल.

मास्तर कौतुकाच्या बाबतीत भलतेच काटकसरी. काम उत्तम झालं की म्हणायचे, "बरंय." सव्वीस वर्षांत तिला ते तीनदा मिळालं. तिन्ही वेळा कुठला शर्ट होता ते ती सांगू शकायची.

शेवटच्या दोन वर्षांत मास्तरांचा हात थरथरायला लागला. आधी खडूची रेघ हलली. मग एका कोटाच्या कापडात कात्री अर्धा इंच आत गेली. त्या दिवशी मास्तर बराच वेळ ते कापड बघत राहिले. दुपारी म्हणाले, "डावरे, दार लोट."

तिनं दार लोटलं.

"इकडे ये. माझ्या बाजूला."

इतक्या वर्षांत ती टेबलाच्या त्या बाजूला केर काढण्यापुरतीच गेली होती. टेलरच्या दुकानात शिवणारे चार असतात, पण कापणारा एकच. कात्री चालवतो तो मास्तर, बाकी सगळे हात. मास्तरांनी आपली कात्री तिच्यासमोर ठेवली. "मी सांगतो. तू काप."

मग रोज दुपारी दार लोटलं जायचं. रस्त्याला वाटायचं, म्हातारा झोप काढतोय. आत म्हातारा उभा असायचा आणि ती कापत असायची, उजव्या हातानं, हळूहळू. अंगठ्याच्या मुळाशी आधी फोड आला, मग घट्टा. मास्तर त्या घट्ट्याकडे बघायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. गिऱ्हाइकाला सांगताना म्हणायचे, "मीच कापलाय, शंका नको." ती मान खाली घालून काज करत राहायची. तिला राग यायचा नाही. उलट गुदगुल्या व्हायच्या. म्हातारा खोटं बोलतो आणि त्या खोट्यात ती आहे, याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं?

आणि मग एका सकाळी मास्तर दुकानात आलेच नाहीत.

मृत्युपत्र वाचायला वकील दुकानातच आले. कागद पसरायला एवढं मोठं टेबल दुसरीकडे कुठं मिळणार? एका बाजूला मास्तरांचा मुलगा आणि सूनबाई, दुसऱ्या बाजूला मास्तरांची लेक. मुलगा रेडिमेड कपड्यांच्या मोठ्या शोरूममध्ये सेल्समन. टेलरचा पोरगा तयार शर्ट विकतो, यावरून बापलेकांत पंधरा वर्षं धड बोलणं नव्हतं. सणकीत 'मी तुमच्या हातचा शर्ट पुन्हा घालणार नाही' म्हणाला होता, आणि तो शब्द त्यानं पाळला होता. आता शोरूम सोडून स्वतःचं रेडिमेडचं दुकान टाकायचा त्याचा बेत होता.

ती दाराशी उभी होती. तो चौदा वर्षांचा असताना ती कामाला लागली होती. तेव्हापासून ती त्याला 'छोट्या' म्हणायची. आज तोंडातून हाक निघेना.

वकिलांनी चष्मा लावला. "राहतं घर, मुलीला."

"काय?" सूनबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"शेवटची दोन वर्षं तिनं केलं म्हणून, असं लिहिलंय."

"आम्ही काय वाऱ्यावर सोडलं होतं का?" मुलगा म्हणाला. "यांनीच आम्हाला घरात—"

"दादा, आता नको," लेक म्हणाली. घर मिळूनही तिचा चेहरा फुलला नव्हता. तिला आईचं शिलाई मशीन हवं होतं, आणि ते बाबांनी कधीच कुणा गरजूला देऊन टाकलं होतं.

"दुकान," वकिलांनी पुढं वाचलं, "चार भिंती आणि भिंतींवर जे जे टांगलं आहे त्यासह, मुलाला."

सूनबाईंनी भिंतींवर नजर फिरवली. बंद पडलेलं घड्याळ, गेल्या वर्षीचं कॅलेंडर, खिळ्यांना अडकवलेले खाकी कागदांचे जुडगे. "वा! कॅलेंडरसुद्धा! तोंडाला पानं पुसायची तर अशी."

"आणि शेवटचं. कटिंगचं टेबल, खणांसकट, डावरीला." वकिलांनी वर बघितलं. "या डावरी कोण? मी त्यांना म्हटलं होतं, अहो, कायद्याच्या कागदात पूर्ण नाव लागतं. तर म्हणाले, पूर्ण नाव खाली कंसात टाका. वर ते लिहिलंत तर तिला वाटेल दुसरीच कोणी आहे."

सगळे दाराकडे वळले. तिला वाटलं, आपण चोरी करताना सापडलो.

"टेबल?" सूनबाईंना हसू आवरेना. "आणि ते बाहेर कसं काढणार?"

मुलाला हसू आलं नाही. "ताई, मला महिनाभरात दुकान उघडायचंय. इथं कपड्यांचे रॅक लागणार. आठ दिवसांत हे टेबल हलवायला लागेल. आणि… काजांचं काम आता राहणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय, मालक," ती म्हणाली.

'मालक' ऐकून त्यानं चटकन वर बघितलं, मग खाली.

घरी तिची थोरली बहीण, अक्का, वाट बघत होती. दोघी बहिणी एकत्र राहायच्या. अक्का लाँड्रीत इस्त्री करायची, आणि तिची जीभ इस्त्रीपेक्षा गरम.

"काय दिलं म्हाताऱ्यानं?"

"टेबल."

"टेबल?"

"कटिंगचं."

"सव्वीस वर्षं डोळे फोडलेस आणि टेबल? मशीन द्यायचं, कपाट द्यायचं! आपल्या खोलीत ते ठेवायचं म्हटलं तर आपण दोघींनी त्याच्यावर झोपायचं आणि त्याच्याखाली स्वयंपाक करायचा!"

"अक्का, ते दारातून निघतच नाही."

अक्काचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, म्हणजे प्रकरण खरंच गंभीर होतं. म्हणाली, "आणि काम?"

तिनं डबा घासायला घेतला. रस्त्यावरच्या तिन्ही टेलरांकडे काजाची मशीन आली होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी हातकाजवाली कोणाला हवी असते? टेबलाचं दुःख नव्हतं. त्या टेबलाच्या कोपऱ्याशी तिचं जे सगळं आयुष्य होतं, ते आठ दिवसांत उठणार होतं.

सातव्या दिवशी मुलानं सुताराला बोलावलं. तोच तो, टेबल बांधणारा, आता सत्तरीचा. त्यानं फळीवरून हात फिरवला, जसा कुणी जुन्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा.

"निघणार नाही. आडवं, उभं, तिरकं, कसंही घाला. सांधे खिळ्यांचे नाहीत, लाकडात लाकूड बसवलंय. एकच उपाय, मधोमध करवत."

"मग घाला करवत," मुलगा म्हणाला. मग त्याला आठवलं. "म्हणजे, टेबल ताईंचं आहे. ताई, तुम्ही हो म्हणा."

मृत्युपत्र वाचेपर्यंत तो तिला 'ताई, तू' म्हणायचा. आता दोघंही एकमेकांना मानानं हाक मारत होते, आणि दोघांनाही ती हाक शिवी दिल्यासारखी लागत होती.

ती फळीकडे बघत राहिली. तिला भांडायचं नव्हतं. मास्तरांच्या पोराच्या दुकानात आपण पांढरा हत्ती होऊन बसायचं? "घाला करवत," ती म्हणाली. "जाईल तिथं जाईल."

सुतारानं नापसंतीनं जीभ टाळूला लावून चक् केलं. "आधी खण तरी रिकामे करा. मला चहा सांगा."

तिनं खण उपसायला घेतले. तिच्या बाजूचा खण तिला पाठ होता: दोरे, मेण, बोटात घालायची अंगुस्तानं. मास्तरांच्या बाजूचे दोन खण मात्र तिनं अजून उघडले नव्हते. वरच्यात खडूचे तुकडे, तुटकी टेप, त्यांची नेहमीची कात्री. खालच्या खणाला कुलूप. किल्ली टेबलाच्या पोटाला आतून खिळ्यावर अडकवलेली असते, हे फक्त तिला माहीत होतं.

खणात अस्तराच्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड. तिनं गाठ सोडली.

कोरी कात्री. दहा इंची, काळ्या मुठीची, पात्यांना अजून तेल लागलेलं.

"अरे वा!" सूनबाई पुढं आल्या. "नवीकोरी! चालते का बघू."

तिनं चिंधीचा तुकडा घेतला, कात्री नेहमीसारखी उजव्या हातात धरली आणि दाबली. कापड दोन पात्यांमध्ये दुमडलं. पुन्हा दाबली. पुन्हा दुमडलं. मूठ अंगठ्याला टोचली.

"घ्या! बोथट कात्री आणि न निघणारं टेबल," सूनबाई म्हणाल्या. "सासऱ्यांनी आम्हालाच नाही, तुम्हालाही गंडवलं की ताई!"

ती हसली, पण कात्री उलटसुलट करून बघत राहिली. शेवटी बिघडलेली कात्री? मास्तरांनी?

सुतार चहाचा घोट घेत तिच्याकडे बघत होता. "ताई, तुमचा चहा कुठं आहे?"

"हा काय." तिनं डाव्या हातानं कप उचलला.

"हं. कप खाली ठेवा आणि कात्री त्या हातात घ्या."

"कुठल्या?"

"ज्या हातानं चहा पिता त्या. कात्री बोथट नाही. हात चुकलाय. पाती उलटी बसवलीत, बघा. ही डावखुऱ्याची कात्री. अशा सहसा मिळत नाहीत, मागवाव्या लागतात."

डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री असते हे तिच्या गावीही नव्हतं. तिनं कप ठेवला. कात्री डाव्या हातात घेतली. मूठ बोटांभोवती अशी बसली, जशी ओळखीच्या माणसाच्या हातात हात द्यावा. तिनं दाबलं. चिंधी या टोकापासून त्या टोकापर्यंत, आवाजसुद्धा न करता, दोन झाली.

ती दुसरी चिंधी कापायला लागली. मग तिसरी. डोळ्यांना दिसेनासं झालं तरी कात्री सरळ चालली होती.

खणाच्या तळाशी कात्रीच्या पार्सलाचा कागद होता, त्यावर तारीख आठ महिन्यांपूर्वीची. म्हणजे आठ महिने ती त्या खणात होती, तिच्यापासून हातभर लांब. का दिली नाही? तिला कळायला वेळ लागला नाही. ही कात्री तिच्या हातात देणं म्हणजे स्वतःची कात्री खाली ठेवणं. कुठल्याही मास्तराला ते जिवंतपणी जमत नाही. पण घट्टा बघितला होता म्हाताऱ्यानं. बघितला, कुठून कुठून चौकशी करून मागवली, आणि कुलूप लावून ठेवली. तिला वाटलं, हे चौथं 'बरंय'.

ती सुताराकडे वळली. "काका, करवत आत ठेवा. मी टेबल तोडू देणार नाही."

"ताई!" मुलगा म्हणाला. "आत्ता तर हो म्हणालात!"

"तेव्हा मी काज करणारी होते." ती हळूच म्हणाली, पण ऐकू गेलं. "दोन वर्षं मीच कापत होते, मालक. दुपारी दार लोटून. मास्तरांचा हात चालत नव्हता. तुमच्या दुकानात रेडिमेड लावा, पुढचा सगळा भाग घ्या. मला फक्त हे टेबल राहू द्या. गिऱ्हाईक आहे, कापणारी आहे. भाडं द्यायला मी तयार आहे."

तो भडकेल असं तिला वाटलं होतं. तो स्टुलावर, तिच्याच स्टुलावर, खाली बसला.

"तुमच्यासाठी कात्री मागवली," तो म्हणाला. "तुमचा हात बघून. अंगठा बघून. धाकटीला घर दिलं, तिनं केलं म्हणून. आणि मला काय? चार भिंती. कुणालाही दिल्या असत्या तशा. माझ्याकडे बघून बाबांनी काही दिलं का? एवढंसुद्धा?" त्यानं चिमूट दाखवली.

सूनबाईंनी आपला चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला.

तिनं कात्री ठेवली. मास्तरांनी तिला बजावलं होतं: सांगायचं नाही. रेडिमेड घालणाऱ्याच्या मागं मापं घेऊन धावायचं नसतं. पण ज्यांना शब्द दिला ते गेले होते, आणि ज्याच्यापासून लपवायचं तो समोर रडवेला होऊन बसला होता.

"भिंतींवर जे टांगलंय ते तुझं, असं लिहिलंय ना?" ती म्हणाली. बोलताना 'तुझं' आलं, ते दोघांनाही कळलं. "मग बघितलंस का काय टांगलंय?"

"कॅलेंडर."

"उठ, छोट्या. तो शेवटचा खिळा. घड्याळामागचा."

घड्याळामागं खाकी कागदांचा एक जाड जुडगा होता. टेलर नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या मापाचे कागद कापून ठेवतात, त्याला फर्मा म्हणतात. कापडावर फर्मा ठेवायचा, खडूनं रेघ मारायची, कापायचं. तिनं जुडगा टेबलावर सोडला. सगळ्यात खाली इवलासा कागद, सहा वर्षांच्या पोराच्या शर्टाचा. त्यावर दुसरा, जरा मोठा. मग तिसरा. दरवर्षी एक. उजवा खांदा डाव्यापेक्षा पाव इंच खाली, प्रत्येकात.

"माझा खांदा," तो पुटपुटला. "झाडावरून पडलो होतो तेव्हाचा."

"रेडिमेडमध्ये उजवीकडे चुण्या पडतात ना? पडणारच."

तो कागद उलटत गेला. भांडण झालं त्या पंचविसाव्या वर्षी ते थांबायला हवे होते. थांबले नव्हते. पंधरा वर्षं त्यानं या दुकानातला शर्ट घातला नव्हता, आणि पंधरा कागद होते.

"पण माझं माप कधी घेतलं?"

"तू दारातून आत यायचास ना, वर्षातून दोनदा, भांडायला? तेव्हा. तू बोलत असायचास, ते बघत असायचे. तू गेलास की कागद काढायचे. शेवटचे दोन मी कापलेत, ते सांगायचे तसे."

त्यानं शेवटचा कागद उचलला. कमरेपाशी खडूनं काहीतरी लिहिलं होतं. सूनबाईंनी वाकून वाचलं, "पोट दोन इंच सोड. बसून विकतो." आणि त्या खळाळून हसल्या. "बघा! मी सांगते तेव्हा पटत नाही!"

तोही हसला. हसता हसता त्यानं तो कागद तोंडावर धरला, आणि बराच वेळ खाली घेतला नाही. सुतारानं करवत पिशवीत घातली आणि चहाचा कप आपणच विसळून ठेवला.

"काप," शेवटी तो म्हणाला.

"काय?"

"शर्ट. बघू दोन इंच बरोबर आहेत का."

फळीवर ठेवायला कापड शोधावं लागलं नाही. फडताळात बारीक निळ्या रेघांचं एक कापड दोन वर्षं पडून होतं. गिऱ्हाइकानं मागितलं तरी मास्तर 'ते दिलंय' म्हणायचे. तिनं फर्मा ठेवला, रेघा मारल्या, आणि मास्तरांच्या बाजूला उभी राहून, दार सताड उघडं ठेवून, डाव्या हातानं कापलं. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघत राहिली. एकानं आत डोकावून विचारलं, "मास्तर कोण आता?" मुलानं तिच्याकडे बोट दाखवलं.

चौथ्या दिवशी शर्ट घालून तो आरशासमोर उभा राहिला. हात वर केला, खाली केला. खांद्याला चुणी नाही. पोट दोन इंच बरोबर होतं, किंचित सैलच. ती मागं उभी राहून बघत होती.

"बरंय?" त्यानं विचारलं.

"बरंय," ती म्हणाली. शब्द तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, तो कुणाचा होता.

दुकान महिनाभरात उघडलं. पुढं रॅक, मागं टेबल. तयार शर्ट घेणाऱ्याला खांद्यात ओढलं की मुलगा मागं हात करतो, "आत ताईंकडे जा. पाव इंच सोडून देतील." भाडं तो घेत नाही. त्यावरून दोघांचं दर महिन्याला कडाक्याचं भांडण होतं, आणि त्या भांडणात ती त्याला छोट्याच म्हणते. सकाळी आल्यावर ती आधी टेबल पुसते, मास्तरांच्या बाजूनं सुरुवात करून. ती कापत असते तेवढा वेळ कोपऱ्यातलं स्टूल रिकामं असतं. काजं ती अजून तिथंच बसून करते, हातानं. ते काम दुसऱ्या कुणाला द्यायला तिचा जीव होत नाही.

अक्का मात्र हटत नाही. परवाच इस्त्री करता करता म्हणाली, "काय गं, तुझं ते टेबल घरी कधी येणार?"

"दारातून निघत नाही ना."

"मग?"

"मग काय, मीच जाते रोज तिकडे," ती म्हणाली, आणि डबा उचलून निघाली.